मंडळाची सायबर सुरक्षा आणि चांदूर रेल्वेचा मुलगा

अकोल्याच्या रागिणी सरदार यांचं पत्र मला उन्हाळ्यात आलं आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. जे मला ओळखतात त्यांचा यावर विश्वास बसणार नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. माणसांशी बोलताना माझी जीभ अडखळते, पण पत्राला उत्तर देण्यात मी कधी मागे राहिलो नाही. नववर्षाचं छापील भेटकार्ड पाठवणाऱ्या विमा कंपनीलाही मी आभाराचं पत्र लिहिलेलं आहे, आणि कंपनीनं पुढे काहीच कळवलं नाही याचं थोडं वाईटही वाटून घेतलं आहे.

पत्र छोटं होतं. "माझी मुलगी रश्मी हिची माहिती आणि फोटो तुमच्या मंडळाकडे द्यावा असा विचार आहे. हल्ली एआय वापरून मुलींच्या फोटोंचं काय काय करतात ते आपण वाचत असालच. तुमच्याकडे आलेली माहिती कुठे राहते, कोण कोण बघतं, आणि ती भलत्याच्या हाती जाऊ नये म्हणून मंडळ नेमकं काय करतं, ते लिहून कळवावं. सगळं सुरक्षित आहे एवढंच कळवायचं असेल तर तसदी घेऊ नये."

शेवटचं वाक्य वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. कारण मी तेवढंच कळवणार होतो.

आमचं उपवर परिचय मंडळ अमरावतीत एका शिलाईच्या दुकानावरच्या खोलीत आहे. बौद्ध समाजातली लग्नं जुळवणं हे त्याचं काम, आणि मी त्याचा मानद सचिव. आमच्यात पत्रिका बघत नाहीत. गुण, नाडी, मंगळ यांचा काही भार आमच्यावर नाही, त्यामुळे सगळा भार चौकशीवर येतो. मुलीचा मामा मुलाच्या गावी जातो, घरी न जाता आधी पानठेल्यावर उभा राहतो, मग केस कापायच्या निमित्तानं कटिंगच्या दुकानात बसतो, आणि मुलाच्या आईनं चहा टाकण्याच्या आत त्याला सगळं कळलेलं असतं. हुंडा नाही, बडेजाव नाही, सकाळी लग्न आणि दुपारी जेवण. आमच्या मंडळानं जमवलेल्या जोडप्यांची मुलं आता मंडळात नाव घालायला येतात, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. बाकी अभिमान वाटावं असं माझ्यात फारसं नसल्यामुळे मी हा एक जपून वापरतो.

तर उत्तर लिहिण्याआधी मी आमच्याकडे माहिती खरोखर कुठे राहते ते बघायला गेलो. ती सगळीकडे राहत होती. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येक मुलीचा फोटो, उंची, नोकरी, घरचा पत्ता आणि वडिलांचा नंबर होता. ग्रुपमध्ये उपवर मुलं होती, लग्न होऊन मुलं शाळेत जायला लागलेली माणसं होती, आणि एक कॅटरर होता. प्रत्येक नव्या मुलीच्या फोटोखाली तो आपला मेनू टाकत असे. मंडळाच्या लॅपटॉपचा पासवर्ड म्हणजे मंडळाचा नोंदणी क्रमांक. तो नियमाप्रमाणे खाली रस्त्यावरच्या पाटीवर ठळक अक्षरात रंगवलेला होता.

मी विषय बैठकीत काढला. आमचे अध्यक्ष धर्मपाल वानखडे एसटीतून डेपो मॅनेजर म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांचा आवाज अजून फलाटाच्या त्या टोकाला पोचेल असा आहे.

"लिवून टाका सर, सगळं सुरक्षित हाय."

"तसं लिहू नका असं त्यांनीच लिहिलंय."

"मंग लय सुरक्षित हाय म्हनून लिवा."

मी पाटीवरच्या पासवर्डचा उल्लेख केला. मग वानखडे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले की तायडे सरांचं वाचन दांडगं आहे, तेव्हा आजपासून ते मंडळाचे सायबर प्रमुख. टाळ्या वाजल्या. मला कुठल्याही पदावर नेमलं की टाळ्या जरा जास्तच वाजतात, कारण बाकी प्रत्येकाची सुटका झालेली असते. हिवाळ्यात अकोल्याला मेळावा ठरला होता. त्याआधी सुरक्षेचं काम संपवायचं आणि रागिणीताईंना उत्तर धाडायचं, असा ठराव झाला.

घरी येऊन मी बायकोला ही बातमी दिली. सुंदरा तूर निवडत होती. ती म्हणाली, "तुमाले घराची चावी सापडत नाई रोज."

शेजारचे चंद्रभानजी भिंतीपलीकडून सगळं ऐकतात आणि ऐकलं नाही असं कधी दाखवत नाहीत. ते वीज मंडळात लाइनमन होते. संध्याकाळी सल्ला घेऊनच आले. "सर, सोपं हाय. हॅकर लोकाईले करंट लागते. मेन स्विच बंद ठेवा, येईन कुटून थो?"

मी सांगितलं की लॅपटॉपला बॅटरी असते.

"मंग बॅटरी काढून मह्या घरी ठेवा."

मी विचार करतो म्हणालो. मी सगळ्यांनाच विचार करतो म्हणतो, आणि वाईट म्हणजे खरोखर करतो. त्या बॅटरीवरही मी थोडा वेळ विचार केला.

नंतर मी फोनमधल्या एआयलाच विचारलं. ज्याची भीती आहे त्यालाच विचारण्यात काही गैर आहे का, याचाही विचार केला. पण तो इतक्या आदबीनं बोलला की मी विरघळलो. 'आपण अतिशय महत्त्वाचा प्रश्न विचारला आहे' असं मला आमच्या घरात कोणी म्हणत नाही. त्यानं क्षणात लांबलचक सुरक्षा धोरण लिहून दिलं. त्यात आमच्या सर्व शाखांतल्या सुरक्षा पथकांची कर्तव्यं होती, संचालकांची जोखीम उपसमिती होती, आणि अखंड जागता नियंत्रण कक्ष होता. वानखडेंनी छापील गठ्ठा हातात घेऊन वजन पाहिलं.

"हेच धाडा अकोल्याले. वाचता वाचता बाई थकून जाईन."

"पण यातलं आपल्याकडे काहीच नाही."

"थ्याईले कुटं मालूम?"

"त्याच तर विचारताहेत."

वानखडेंनी गठ्ठा खाली ठेवला. ते मोठ्यानं बोलतात, पण खोट्यावर सही करणारे नाहीत. हे त्यांचं मला फार आवडतं, त्यांना मी कधी सांगितलेलं नाही.

मग मी स्वतःच्या अकलेनं कामाला लागलो, आणि इथून खरी पडझड सुरू झाली. पासवर्ड अवघड असावा असं सगळीकडे लिहिलेलं होतं. ग्रंथपालाला अवघड आकडे म्हणजे वर्गांक, पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीतले. मी माझ्या आवडत्या एका ग्रंथाचा वर्गांक, पुढे दाखल क्रमांक, मध्ये लेखकाची आद्याक्षरं अशी रचना केली. कुठेही लिहून ठेवली नाही, कारण लिहून ठेवू नये असंही लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ग्रंथ आठवला, वर्गांकही आठवला. पण तो जुन्या पद्धतीचा की नंतर बदललेला, ते आठवेना. मी दोन्ही घातले. मग तिसरा घातला. लॅपटॉपनं मला बाहेर काढलं. ईमेलनं नवा कोड मागितला, तो वानखडेंच्या फोनवर जाणार होता, आणि वानखडे चिखलदऱ्याला पुतण्याकडे गेले होते, जिथे त्यांच्या फोनला रेंज नव्हती. ते परत येईपर्यंत आणखी कुठेतरी आणखी काहीतरी चुकून मंडळाचं खातंच बंद झालं.

चोर आत येऊ शकत नव्हता, एवढं मात्र मी साधलं होतं. आम्हीही येऊ शकत नव्हतो.

चंद्रभानजींच्या आग्रहानं मी सायबर पोलिसांकडे गेलो. समोर एक तरुण उपनिरीक्षक बाई होत्या. त्यांनी पेन काढलं.

"काय चोरीला गेलं?"

"काही नाही."

"मग हॅक झालंय?"

"नाही. आम्हालाच आत जाता येत नाही."

"पासवर्ड कोणी बदलला?"

"मी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, आरोपी म्हणून तुमचंच नाव घालू का?"

मागच्या बाकावरचे दोघे हसले. माझे कान तापले. पण बाई भल्या होत्या. खातं परत कसं मिळवायचं ते त्यांनी समजावलं आणि पाणी दिलं. मग रागिणीताईंचं पत्र मी त्यांना दाखवलं, तेव्हा त्या जरा वेगळ्याच नजरेनं माझ्याकडे पाहायला लागल्या.

"हा प्रश्न आम्हाला कोणी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "सगळे माहिती गेल्यावर येतात. सर, जे लागत नाही ते ठेवूच नका, म्हणजे चोरीला जाणार नाही. कुलपाची चावी एकाकडे ठेवू नका. दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा. आणि हल्ली फोटो, आवाज, सर्टिफिकेट, सगळं बनवता येतं, व्हिडिओवरचं तोंडसुद्धा. समोरच्यानं दिलेल्या नंबरवर खात्री करायची नाही. आपण स्वतः शोधलेल्या वाटेनं करायची."

आपण स्वतः शोधलेल्या वाटेनं. मी परत येताना इर्विन चौकाच्या गर्दीत थबकलो, एक ऑटोवाला मला बरंच काही म्हणाला, ते मी ऐकलं नाही. हे तर आमची मामामंडळी पिढ्यान् पिढ्या करत आली होती. मुलाच्या घरचा चहा घेण्याआधी पानठेल्यावर उभं राहणं म्हणजे हेच. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या ज्यासाठी माणसं शोधताहेत ती विद्या आमच्या मंडळाकडे फुकट पडलेली होती, आणि आम्ही व्हॉट्सॲपवर अंगठे दाखवत बसलो होतो.

खातं परत मिळालं, आणि मी नियम केले. ग्रुप बंद. कॅटररला फार वाईट वाटलं, त्यानं शेवटचा मेनू पाठवला. मुलींचे फोटो आणि पत्ते एकाच फाइलमध्ये, तिची तशीच कुलूपबंद दुसरी प्रत माझ्या घरच्या कपाटात. पासवर्ड दोन तुकड्यांत. एक वानखडेंना पाठ, एक मला पाठ, दोघांनीही दुसऱ्याला सांगायचा नाही. आणि कोणाचंही नाव मंडळात घ्यायचं किंवा कोणाला यादी दाखवायची तर आधी आपला माणूस गावात जाऊन चौकशी करून येणार. कितीही गोड फोन आला तरी.

पहिल्या महिन्यात मंडळाची अब्रू जायची तेवढी बाकी राहिली. दर्यापूरच्या एका मुलाची चौकशी करायला चंद्रभानजी स्वतःहून गेले. ते काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन गेले आणि मुलाबद्दल काहीही न विचारता, त्याच्या शेजाऱ्याच्या विजेच्या जोडणीतली चूक दुरुस्त करून आले. एका वडिलांनी मला फोन करून विचारलं की आम्ही लग्न जमवतो की पासपोर्ट काढून देतो. नावं येणं कमी झालं. वानखडे बैठकीत म्हणाले, "सर, आता आपलं मंडळ इतकं सुरक्षित हाय का त्यात कोनीच उरनार नाई." सगळे हसले. मीही हसलो आणि घरी येऊन जेवलो नाही. सुंदरानं विचारलं, "काहून?" मी म्हणालो, "मी मंडळ बुडवलं बहुतेक."

"बुडलं तं वर काढा. अन् वांगं गरम हाय तंवर खाऊन घ्या."

अशा वेळी अंकुर खंडारे आला.

मुलगा चांदूर रेल्वेचा, पुण्यात नोकरीला. फोटो असा की सुंदरासुद्धा चष्मा पुसून पाहायला लागली. पदव्या, पगारपत्रक, वडिलांचं ओळखपत्र, सगळं न मागता आलेलं. भाषा शुद्ध. वानखडेंशी तो व्हिडिओवर बोलला, हात जोडून जय भीम म्हणाला, हुंड्याचा विषय स्वतःहून काढून आपण तो घेणार नाही म्हणाला. वानखडेंच्या डोळ्यांत पाणी आलं. मागणी एकच होती. आई प्रवास करू शकत नाही, तिला घरी बसून निवड करायची आहे, तेव्हा सगळ्या मुलींची यादी फोटोंसह पाठवावी. आठवडा संपायच्या आत, कारण त्याला परदेशी जायचं होतं.

वानखडेंचा फोन आला. "सर, तुमचा अर्धा सांगा."

आयुष्यात मी कोणाला नाही म्हटलेलं नाही. दारावर झाडू विकायला येणाऱ्याकडून मी झाडू घेतो. आमच्याकडे झाडू फार आहेत. पण त्या क्षणी माझ्यापुढे त्या फाइलमधल्या मुली उभ्या राहिल्या. त्यांच्या आयांनी मोठ्या विश्वासानं आणून दिलेले फोटो, काही जणींनी तर स्टुडिओत मुद्दाम साडी नेसून काढलेले. त्यांतला एकही भलत्या हाती गेला तर ती मुलगी कुठं तोंड दाखवणार, आणि मी तिच्या आईला काय लिहिणार.

"आधी चांदूरला जाऊ," मी म्हणालो.

"मी त्याच्याशी तोंडातोंडी बोललो, सर. मी मानूस पाहून ओयखतो. तीस वर्सं ड्रायव्हर कंडक्टर पाह्यले."

"हो. पण आपल्या नियमात..."

"तुमचा माह्यावर इश्वास नाई का?"

याला मी उत्तर दिलं नाही. मी नुसता फोन धरून उभा राहिलो. लाजाळू माणसाचा हा एकच फायदा, तो गप्प राहून समोरच्याला थकवू शकतो. शेवटी वानखडे म्हणाले, "चला मंग. पन पेढे घेऊन जाऊ. पोट्ट्याच्या घरी खाली हातानं जाता येत नाई."

एसटीनं गेलो. वानखडे कंडक्टरच्या शेजारच्या सीटवर मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन बसले. चांदूर रेल्वेला उतरल्यावर मी त्यांना घरी न जाता आधी पानठेल्यावर नेलं. मी अडखळत विचारलं, अंकुर खंडारे म्हणून एक मुलगा आहे, लग्नाचं बघतोय, कसा आहे.

पानठेलेवाल्यानं चुन्याचं बोट पुसलं. "अंकुर ना? हाव. लय साधा पोट्टा. मान वर करून पाह्यत नाई कोनाकडं."

वानखडेंनी माझ्याकडे पाहिलं. उशिरा आलेल्या ड्रायव्हरकडे बघावं तसं.

कटिंगच्या दुकानात गेलो. "बाप लय सज्जन," दुकानदार म्हणाला. "पोरगाबी तसाच. सुपारीचं खांड नाई खात." चहाच्या टपरीवरच्या बाई म्हणाल्या, "माय, ज्या पोरीले थो भेटन तिचं भलं झालं."

वानखडे इतके खूश झाले की त्यांनी त्या बाईंना एक पेढा दिला. "आता सांगा तुमचा अर्धा," ते म्हणाले. "का गावाची गिरामसभा बोलावू?"

मी बाकावर बसलो. माझी सगळी विद्या संपली होती. पानठेला, कटिंग, टपरी, तिघांनी साक्ष दिली होती. इतकी चांगली चौकशी मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. आणि नेमकं तिथंच मला काहीतरी टोचायला लागलं. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या चौकशीत आमच्या गावच्या पानठेल्यानं सांगितलं होतं की मुलगा चांगला आहे पण वाचतो फार, डोळे जातील. खऱ्या माणसाबद्दल काहीतरी 'पण' निघतोच.

कॉलेजात मुलं न वाचलेल्या पुस्तकांची स्तुती करत, तेव्हा मी कधी कधी नसलेलंच एक नाव घेऊन विचारत असे. मी पुन्हा पानठेल्यावर गेलो.

"आणि तो जीवन तेलमोरे कसा आहे हो?"

"जीवन?" पानठेलेवाला जरा थांबला. "त्याले कोन नाई ओयखत, भाऊ. हिऱ्यावानी पोट्टा."

वानखडेंनी मला बाजूला घेतलं. "हा कोन जीवन? आपल्या यादीत तं नाई."

"मी आत्ताच तयार केला."

वानखडे पेढ्यांचा डबा धरून तसेच उभे राहिले. मला त्या पानठेलेवाल्याचा राग आला नाही. आमच्याकडे जमत आलेल्या लग्नात कोणी वाईट शब्द काढत नाही. उद्या कोणाची पोरगी घरी बसली तर पाप आपल्या डोक्यावर, या भीतीनं लोक न पाहिलेल्या माणसाचीही तारीफ करतात. चांगुलपणाच होता तो. पण फोनपलीकडच्या त्या अंकुरला आमच्या चौकशीची गरजच नव्हती. आमचा चांगुलपणा त्याचं काम करून देत होता. माझा नियम कागदावर पक्का आणि मुळात पोकळ होता, आणि हे मला त्या बाकावर बसल्यावर कळलं.

तारीफ फुकट होते. मग जिच्यासाठी पाय हलवावे लागतील अशी गोष्ट मागायला हवी होती.

मी पानठेलेवाल्याला म्हणालो, "आम्ही बाहेरगावचे. आम्हाला अंकुरच्या घरापर्यंत तेवढं नेऊन सोडता का?"

तो ठेल्याबाहेर आला. पत्त्यातली गल्ली होती, पिठाच्या गिरणीची खूणही होती. आम्ही तिघं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. त्यानं दोन-तीन दारांत हाक मारून विचारलं. एका म्हाताऱ्यानं खंडारे आडनावाचं घर दाखवलं, तिथं दोन मुली होत्या आणि एक बकरी. शेवटी पानठेलेवाला गिरणीच्या ओट्यावर बसला.

"भाऊ, खरं सांगतो," तो खाली बघून म्हणाला. "म्या अंकुर पाह्यलाच नाई. लग्नाचं काम म्हनलं, म्हनून चांगलं बोललो. पन घर कुटून दाखवू."

वानखडेंनी फोन काढला. मी थांबवायच्या आत त्यांनी व्हिडिओ लावला. अंकुर लगेच दिसला, तोच हसरा चेहरा, जोडलेले हात. "जय भीम काका."

"बेटा, आमी तुह्या गल्लीत उभे हाव. दार उघड."

"फार आनंद झाला काका. यादी पाठवलीत का?"

"थे देतो. गिरनीपासून दार कोनत्या हाताले हाय?"

"काका, आईला आजच निवड करायची आहे."

"बेटा," वानखडेंचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता, "डावा हात का उजवा, एवढंच सांग."

तो चेहरा हसत राहिला. ओठ हलले, पण आवाज उशिरा आला, आणि मग चेहरा हसता हसताच गोठला. पानठेलेवाला खांद्यावरून डोकावत होता. "हा आमच्या गावचा नाई," तो म्हणाला. "आमच्याकडं उनात एवढं गोरं कोनाचं राहत नाई." फोन कटला. पुन्हा लावला तर नंबर बंद.

पेढे आम्ही एसटी स्टँडवर वाटून खाल्ले. पानठेलेवाल्यालाही दिले. तो सारखा माफी मागत होता आणि मला त्याचे आभार कसे मानावेत ते सुचत नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघंही एकमेकांना पेढे देत राहिलो. गाडीत वानखडे रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले होते.

"मी त्याले आशीर्वाद देल्ला, सर," ते म्हणाले.

"तुम्ही मनापासून दिलात. कोणाला तरी लागेल."

"अन् तुमचा अर्धा मांगून राह्यलो होतो मी." ते माझ्याकडे वळले. "तुमी काहून नाई देल्ला? तुमी तं कोनाले नाई म्हनत नाई."

मी जरा विचार केला. "मी नाही म्हणालोच नाही. मी गप्प राहिलो."

वानखडे हसले, इतक्या मोठ्यानं की ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सायबर पोलिसांकडे गेलो. त्याच बाई, तेच पेन.

"काय चोरीला गेलं?"

"काही नाही," मी म्हणालो. या वेळी मी मान वर करून म्हणालो, आणि मागच्या बाकावर कोण बसलंय ते पाहिलंही नाही.

बाईंनी नंबर, फोटो, सगळं लिहून घेतलं. अशीच दोन मंडळं आधी येऊन गेली होती, पण त्यांच्या याद्या गेल्या होत्या. "तुम्ही ओळखलं कसं?" त्यांनी विचारलं. मी अडखळत सांगायला लागलो तेव्हा वानखडेंनी मला थांबवलं आणि डेपोच्या आवाजात सगळी हकीकत सांगितली, जीवन तेलमोरेसकट. आजूबाजूच्या टेबलांवरची कामं थांबली. मी जमिनीकडे बघत होतो, पण एकही शब्द सोडला नाही.

आता मेळाव्याआधी फक्त उत्तर राहिलं होतं. ते मी एका पानात लिहिलं. बरेच कागद फाडले, कारण दर वेळी त्यात आमचं कौतुक शिरत होतं. शेवटी लिहिलं ते असं. तुमच्या मुलीचा फोटो मंडळाच्या एका फाइलमध्ये राहील, ती दोघांनी मिळून उघडल्याशिवाय उघडत नाही. फोटो कोणाला पाठवला जाणार नाही. ज्यांना बघायचा ते खोलीवर येतील आणि आमच्यापैकी एकासमोर बघतील. तुमचा पत्ता आणि नंबर तुम्हाला विचारल्याशिवाय कोणाला मिळणार नाही. मुलगा कसा आहे हे आम्ही आता गावात विचारत नाही, त्याचं घर दाखवा म्हणतो, आणि दारात उभं राहून त्याला हाक मारतो. एकदा आम्ही फसता फसता राहिलो, ते कसं, तेही लिहिलं. आमच्या खोलीची कडी अजून नीट लागत नाही, सुतार येतो म्हणालाय. सायबर प्रमुख म्हणून जो आहे तो पासवर्ड विसरतो. उद्या काही होणारच नाही असं मी लिहून देऊ शकत नाही; झालं तर लपवणार नाही, आणि सर्वांत आधी तुम्हाला कळवीन.

सुंदरानं पत्र वाचलं. "यात निम्मं तं आपल्याले काय जमत नाई थेच हाय," ती म्हणाली. मग चष्मा काढून पुन्हा म्हणाली, "राहू द्या तसंच."

वानखडेंनी खाली सही केली, माझ्या सहीच्या शेजारी, आणि स्वतःहून कंसात लिहिलं, वरील मजकूर खरा आहे. मंडळाच्या उण्या बाजू मी इतक्या उघडपणे कधी कोणाला लिहिल्या नव्हत्या, आणि कुठलं पत्र घेऊन इतका ताठ चाललोही नव्हतो. पोस्टाच्या खिडकीवर पाकीट दिलं. खिडकीतल्या माणसानं पत्ता वाचला, शिक्का मारला आणि ते अकोल्याच्या थैलीत टाकलं.